मधलं रबर

हार्टमुट बिलमायर गाड्यांना मार्क द्यायचा. एक ते दहा. दहापैकी दहा त्याने एकतीस वर्षांत कुणाला दिले नाहीत, आणि चारच्या खाली जाणारी गाडी त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी दुरुस्त करून टाकायचं. प्रत्यक्षात सगळा कारभार साडेसहा ते साडेआठ या दोन मार्कांत चालायचा. त्या दोन मार्कांच्या मध्ये अर्धा मार्क इकडे की तिकडे, यावर आमच्याकडे महिनेच्या महिने जातात.

आमची कंपनी श्वाबेन प्रांतात, डोंगरकड्याखाली, सफरचंदाच्या बागांना लागून आहे. एक मोठी कंपनी चार दारांची सेडान बनवते. तीच सेडान घेऊन आम्ही तिची वेगवान आवृत्ती करतो. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर फरक शोधावा लागतो. चाकांवरच्या कमानी बोटभर रुंद, गाडी दीड सेंटिमीटर खाली बसलेली, मागे धुराची दोनाऐवजी चार नळकांडी, आणि डिकीवर नावाची एक छोटी धातूची पट्टी. आमच्या भागात ती पट्टीही नसते. माणसं पट्टीशिवायच गाडी मागवतात, म्हणजे शनिवारी फुटपाथ झाडणाऱ्या शेजाऱ्याला कळत नाही. मग सकाळी गाडी सुरू केली की चार नळकांडी सगळ्या गल्लीला सांगतात. म्हणून कोपऱ्यापर्यंत गाडी दबकत न्यायची, आणि कोपऱ्यावरून वळलं की मग पाय दाबायचा. गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी काही बोलत नाही.

हार्टमुटची स्वतःची गाडी साधी होती. राखाडी, डिझेल, अकरा वर्षं जुनी. "दिवसभर ओरडणाऱ्या माणसाबरोबर काम करतो," तो म्हणायचा, "संध्याकाळी तसलाच पाहुणा घरी कशाला नेऊ?"

मी इथे आलो तेव्हा गाडीला सेन्सर लावून आकडे गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. अजूनही आहे. कंपनीने मध्ये पत्रक काढलं होतं, की यापुढे सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं. हार्टमुटने पत्रक वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला आणखी दोन वर्षं 'तुम्ही'च म्हणत राहिला. पहिल्याच महिन्यात त्याने मला घाटाच्या रस्त्याने नेलं. वर जाताना साधी गाडी. परत खाली येऊन, तोच रस्ता, वेगवान गाडी. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं आणि विचारलं, "बोला. काय फरक?"

मी हॉर्सपॉवर सांगितले. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंद ते सांगितलं. ब्रेकच्या चकत्या किती मिलिमीटर मोठ्या तेही सांगितलं.

"हे तुम्ही ब्रोशर वाचून आलात," तो म्हणाला. "मी तुमच्या ढुंगणाला काय वाटलं ते विचारतोय."

मग त्यानेच सांगितलं, आणि ते मी त्या दिवशी घरी जाऊन वहीत उतरवून ठेवलं.

"इंजिन कुणीही मोठं करतो. फरक रबरात असतो. साध्या गाडीत रस्ता आणि माणूस यांच्या मध्ये सगळीकडे रबर आहे. चाक गाडीला जोडलंय तिथे रबर, चाकं धरणारे पुढचे आर्म बसवलेत तिथे रबर, मागचा अख्खा सांगाडा रबरावर. रबर वाईट नाही बरं का. रबर म्हणतं, तू नीज, मी बघतो. आपण काय करतो, तर जागोजागचं रबर काढून तिथे लोखंड घालतो. मग रस्ता बोलायला लागतो. पुढचं बोलणं हातात येतं, स्टिअरिंगमधून. मागचं बोलणं बुडाखाली येतं. जास्त बोलला तर गिऱ्हाईकाचं डोकं उठतं. कमी बोलला तर गिऱ्हाईक म्हणतं, मग साधी काय वाईट होती? किती बोलू द्यायचं, एवढंच माझं काम."

तिसऱ्या वर्षी, बटर लावलेली ब्रेत्सेल, म्हणजे इथला गाठ मारलेला खारा पाव, खाता खाता, त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "हार्टमुट." म्हणजे आता 'तू'. मी म्हणालो, "सुमेध." त्यातला शेवटचा 'ध' त्याच्या तोंडात कधी बसला नाही. तेव्हापासून मी सुमे.

गेल्या वर्षी जानेवारीत त्याच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, नंतर सहा महिने शिरेतून औषध. नोव्हेंबरात तो परत आला. इथल्या पद्धतीप्रमाणे आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा, असं हळूहळू. कंपनीच्या डॉक्टरने हृदय बघितलं, डोळे बघितले, रक्त बघितलं आणि सही केली. पायाची बोटं कुणी विचारली नाहीत.

लोक विचारायचे, "कसं काय?" तो म्हणायचा, "चाललंय." लोकांना तेवढंच हवं असायचं. तो बारीक झाला होता, जिना उतरताना पायांकडे बघत उतरायचा. कॉफीच्या कपाला आधी वाकून ओठ लावून बघायचा, मगच तो हातात धरायचा. आणि सगळ्या गाड्यांना सात मार्क द्यायचा. नवे टायर, सात. जुने टायर, सात. स्टिअरिंगचं नवं प्रोग्रॅमिंग, सात. विभागात लोक म्हणाले, आजारातून उठला आणि कडक झाला. एकतीस वर्षं ज्याचा मार्क शेवटचा मानला, त्याच्या मार्काबद्दल दुसरं काही बोलायची कुणाला सवयच नव्हती.

फेब्रुवारीत एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीत तो बाकावर बसून बूट काढत होता. त्याचे ते पातळ तळव्याचे, पेडल कळावं म्हणून खास घेतलेले बूट. उजव्या मोज्यावर टाचेपाशी रक्त होतं, वाळून काळं पडलेलं.

"हार्टमुट, रक्त."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. त्याने बूट उलटा केला. आतून एक सहा मिलिमीटरचा नट पडला आणि फरशीवर थोडा गडगडून थांबला. सकाळपासून तो त्या नटावर चालत होता. त्याने मोजा काढला आणि जखमेकडे असं बघितलं, जसं वर्कशॉपमध्ये कुणाचा तरी राहिलेला डबा बघावा.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"नट? सकाळपासून असेल."

"नट नाही."

"ऑगस्टपासून. औषधामुळे होतं म्हणतात. पायाची बोटं, तळवे, हाताची टोकं. डॉक्टर म्हणतो परत येईल. वर्षात. दोन वर्षांत. नाहीतर नाही."

"आणि ढुंगण?"

त्याला हसू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "ते शाबूत आहे. पण एकटं ढुंगण काय काय करणार?"

"रोसविटाला माहीत आहे?" रोसविटा त्याची बायको.

"आंघोळीच्या पाण्यात आधी ती हात घालते, मग मला उतरू देते. मागच्या महिन्यात मी पोळलो, कळलंच नाही." मोजा हातात धरून तो म्हणाला, "माझ्यात रबर घातलंय सुमे. चांगलं जाड. मला नीज हवी होती का, नाही. तरी घातलंय."

"भीती वाटते?"

"तीही वाटत नाही. ते औषधाचं की आणखी कशाचं, माहीत नाही."

मी म्हणालो की डॉक्टरला सांगायला हवं. तो म्हणाला, सांगितलं की त्याच दिवशी ट्रॅकवर गाडी चालवायचं कार्ड जाईल. पेन्शनला अडीच वर्षं आहेत. ती अडीच वर्षं त्याला खालच्या फाइलींच्या खोलीत बसवतील, आणि तिथल्या खिडकीतून ट्रॅकवरून परत येणाऱ्या गाड्या दिसतात. "ती खिडकी नसती तर एक वेळ बसलो असतो," तो म्हणाला. मग जखमेवर पट्टी लावता लावता त्याने स्वतःच ठरवलं. मार्चच्या अखेरीस डोळे बांधून चाचणी होती, म्हणजे काय बदललंय ते ड्रायव्हरला सांगायचं, पण कुठल्या गाडीत ते नाही. "त्यात फरक कळला तर राहतो. नाही कळला तर मी स्वतः जाऊन सांगतो. तोपर्यंत तू बोलू नकोस."

मी हो म्हणालो. आणखी एक म्हणालो, ते आता लिहायला बरं वाटत नाही. माझ्याकडे गणिताने काढलेला अंदाज होता, कुठल्या गाडीत काय किती बदलेल याचा. तो आधी दाखवू का, असं विचारलं.

"दाखव," तो म्हणाला, "आणि मग स्टिअरिंगवरही तूच बस."

चाचणी अशी होती. दोन राखाडी सेडान, एकच इंजिन, एकच टायर. 'ए' पूर्ण साधी. 'बी'मध्ये वेगवान आवृत्तीतल्या फक्त दोन गोष्टी घालायच्या. पुढे, आर्ममधलं रबर काढून धातूचे जॉइंट. मागे, जरा जाड बार. वळणात गाडी एका अंगाला कलते, ते आवरायला चाकांच्या मध्ये एक आडवा दांडा असतो, त्याला आम्ही बार म्हणतो. साध्या गाडीचा एकवीस मिलिमीटर, आमचा साडेबावीस. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण तेवढ्या दीड मिलिमीटरने तो जवळजवळ एक तृतीयांशाने ताठ होतो. कंपनीला जाणून घ्यायचं होतं, की एवढ्या दोनच गोष्टींनी माणसाला काही कळतं का. कळत असेल तर साध्या आणि वेगवान गाडीच्या मधली एक आवृत्ती काढायची होती.

गाड्या तयार करायचं काम गेबहार्ट रापकडे होतं. राप आमच्या वर्कशॉपचा सगळ्यात जुना मेकॅनिक, इथे एक्केचाळीस वर्षं काढलेला. प्रत्येक बारवर रंगाचा ठिपका असतो, साध्याला पांढरा, आमच्याला निळा. मागे एका चाचणीत हार्टमुटने बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने वाकून खालचा ठिपका बघितला होता, असा रापचा आरोप होता. हार्टमुट म्हणायचा, त्या दिवशी बुटाला लेसच नव्हती. या खेपेला रापने धोकाच ठेवला नाही. रॅकवरच्या सगळ्या बारांचे ठिपके त्याने थिनरने घासून काढले, वरून कापडाने पुसले, मग एक बार उचलून 'बी'ला बसवला.

"आता वाक म्हणावं हवा तेवढा," तो मला म्हणाला.

चाचणीच्या दिवशी पठारावरच्या ट्रॅकवर धुकं होतं, कडेला जुन्या बर्फाचे काळपट ढीग होते. ड्रायव्हर दोघं. ओनुर चेलिक, एकोणतीस वर्षांचा, हार्टमुटनेच शिकवून तयार केलेला, त्याला 'आबी' म्हणायचा. तुर्कीत आबी म्हणजे दादा. आणि हार्टमुट. मी लॅपटॉप घेऊन दोघांच्याही शेजारच्या सीटवर. ओनुर आधी गेला. तो गाडी चालवताना सतत बोलतो, गाडीशी, वळणाशी, माझ्याशी. 'बी'त बसल्यावर पहिल्याच वळणात म्हणाला, "हां, ही ती. मागून बघ कशी येते."

हार्टमुट काही बोलत नाही. आधीही बोलायचा नाही, पण आधी त्याची बोटं स्टिअरिंगवर नुसती टेकलेली असायची. आज त्याने स्टिअरिंग मुठीत धरलं होतं, बस ड्रायव्हर धरतात तसं. 'ए'मध्ये तीन फेऱ्या, 'बी'मध्ये तीन. रेषा तीच, वेग तोच, माझ्या पडद्यावर एकावर एक ठेवल्यासारख्या. 'बी'च्या दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी, वेग एकशे साठ असताना, त्याने मान खाली घालून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. पाय ब्रेकवर आहे याची खात्री केली, मग दाबला. पुढच्या फेरीत तिथेच पुन्हा बघितलं.

मी फेरीचा क्रमांक टाइप केला.

दुपारी विभागप्रमुख सिल्के नॉयफरच्या खोलीत कागद उघडले. ओनुरने पुढच्या भागाला 'ए'त सात, 'बी'त आठ दिले होते. मागच्या भागाला 'ए'त सात, 'बी'त साडेआठ. हार्टमुटने पुढे सात आणि सात, मागे सात आणि सात.

सिल्केने त्याचा कागद दोनदा वाचला. उलटून मागेही बघितलं, जणू उरलेले मार्क तिकडे असतील.

"आबी, सगळ्यांना सात?" ओनुर म्हणाला. "सेल लागलाय का आज?"

कुणी हसलं नाही. सिल्के म्हणाली, "हार्टमुट, उद्या दहाला जरा बसू या." आमच्याकडे 'जरा बसू या' हे चांगल्या बातमीसाठी कधीच म्हटलं जात नाही. हार्टमुट म्हणाला, "बसू." पार्किंगमध्ये तो मला म्हणाला, "चला, कळलं." आणि राखाडी डिझेलमध्ये बसून घरी गेला. रागात नाही, दुःखात नाही. कुणी दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन जावं तसा.

त्या संध्याकाळी मी आकडे लावायला बसलो. वळणात गाडी किती अंशांनी कलली, हे सेन्सर सांगतो. 'बी' कमी कलायला हवी होती. 'ए' आणि 'बी' सारख्याच कलल्या होत्या, सगळ्या फेऱ्यांत, ओनुरच्याही. आधी वाटलं माझा सेन्सर चुकला. दोन तास तेच तपासलं. सेन्सर बरोबर होता.

सकाळी सात वाजता मी रापच्या रॅम्पपाशी गेलो.

"मागचा बार मोजायचा आहे," मी म्हणालो.

"कशाला?"

"आकडे जुळत नाहीत."

"मग आकडे मोज. बार मी बसवलाय." तो हात पुसत माझ्याजवळ आला. "एक्केचाळीस वर्षांत माझ्या रॅम्पवरून चुकीची गाडी बाहेर गेलेली नाही. तुझा लॅपटॉप किती वर्षांचा?"

"तीन."

"मग."

तरी त्याने गाडी वर घेतली, कारण न मोजता सोडणं त्याला जमलंच नसतं. कॅलिपर लावला. एकवीस. कापडाने पुसून पुन्हा लावला. एकवीस. मग तो रॅकपाशी गेला आणि तिथला एकेक बार मोजू लागला. पाचवा मोजून झाल्यावर तिथेच तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसला.

"ठिपके पुसले," तो हळूहळू म्हणाला, स्वतःलाच समजावल्यासारखा. "पुसून साधे डावीकडे ठेवले, आपले उजवीकडे. मग खाली थिनरचे डाग पडले होते. फरशी पुसायला रॅक सरकवला. चाकांवरचा आहे ना तो. पुसून झाल्यावर परत लावला." त्याने हाताने हवेत एक अर्धं वर्तुळ काढलं. "उलटा लावला."

मी लॅपटॉप उघडला.

"लिही," राप म्हणाला. "माझं नाव घालून लिही. फरशी पुसायची होती हेही लिही."

दहा वाजता सिल्केच्या खोलीत आम्ही सगळे होतो. राप बसायला तयार नव्हता, दाराशी उभा राहिला. सिल्केच्या पुढ्यात कर्मचारी विभागातली हार्टमुटची एक पातळ फाइल होती. मी झालेलं सांगितलं. 'बी'चा मागचा बार साधाच होता. मागून दोन्ही गाड्या एकसारख्या होत्या.

सिल्केने आधी माझ्याकडे बघितलं, मग हार्टमुटच्या कागदाकडे, आणि मग ती फाइल टेबलावर पालथी घातली.

"म्हणजे मागचे सात आणि सात बरोबर आहेत," ती म्हणाली. "फरक नव्हता, आणि याने नाही म्हणून लिहिलं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं की असायला हवा, म्हणून तो जाणवला." तिने बोटांची पेरं टेबलावर वाजवली. आमच्याकडे टाळीऐवजी हेच करतात. रापने दारावर वाजवली. मीही वाजवली. ओनुरचे कान लाल झाले होते, तरी त्यानेही दोनदा वाजवली.

"आबी, मी गाढव," तो म्हणाला.

"ते आपण आधीच नोंदवलंय," सिल्के म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "हार्टमुट, आता कॉफी तरी घे."

हार्टमुटने टेबलावर वाजवलं नव्हतं. तो कागदाकडे बघत होता. मागच्या भागाच्या ओळीकडे नाही, पुढच्या.

"सुमे," तो म्हणाला, "पुढचं? पुढे धातूचे जॉइंट होते ना?"

"होते."

"तपासलेस?"

"रापने सकाळी तेही बघितले. होते."

"मग तिथे ओनुरचे सात आणि आठ बरोबर."

"एखादा दिवस असतो तसा," सिल्के म्हणाली. "आज विषय मागचा आहे. ते नंतर बघू."

"दिवस नाही. बोटं." हार्टमुटने दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे खाली. "मागचं मला बसायच्या जागेतून कळतं, म्हणून कळलं. पुढचं हातातून यायला हवं. हातात काही येत नाही. पायातही नाही. ब्रेकवर पाय आहे का, हे मला बघून ठरवावं लागतं. काल दोनदा बघितलं. एकशे साठला. सुमे शेजारी होता."

सिल्के माझ्याकडे वळली. "तू बघितलंस?"

"हो."

"आणि?"

तिने थोडी वाट बघितली आणि मग सोडून दिलं. ते सोडून देणं मला तिच्या रागावण्यापेक्षा जड जायला हवं होतं, पण त्या वेळी फारसं काही वाटलं नाही. खोलीत सगळ्यांवर रबराचा एक पातळ थर बसल्यासारखा झाला होता.

"तुला गप्प बसता आलं असतं," सिल्के म्हणाली. "आत्ता, या टेबलावर, तू जिंकलेला होतास."

"मी जॉइंटमध्ये हरलो. ट्रॅकवर वळण पुढच्या चाकांनी घ्यायचं असतं."

त्याने गळ्यातला पट्टा काढला. ट्रॅकचं कार्ड त्याला एका बारीक क्लिपने अडकवलेलं असतं, अंगठ्याने दाबून उघडायची. त्याने दाबली, क्लिप निसटली. पुन्हा दाबली. बोटं तिच्यावर होती पण नेमकी कुठे ते त्याला सापडत नव्हतं, आणि या खेपेला तो बघत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता. आम्ही सगळे त्या क्लिपकडे बघत होतो. चौथ्या खेपेला ओनुर खुर्चीवरून उठला, त्याच्याशेजारी वाकला आणि क्लिप उघडून दिली.

"असू दे आबी," तो म्हणाला. "ही सगळ्यांनाच त्रास देते."

"तुला नाही दिला," हार्टमुट म्हणाला आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

सिल्केने विचारलं, त्याची सीट कुणाला द्यावी. तो म्हणाला, ओनुरला. पुढचं त्याला बरोबर कळतं. मागचं त्याला फार कळतं, ते जरा कमी करायला हवं.

पुढच्या सोमवारपासून तो खालच्या फाइलींच्या खोलीत बसू लागला. जुन्या चाचण्यांचे कागद बघून ते कॉम्प्युटरवर चढवायचे, हे काम. कीबोर्डवर तो एका पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टाइप करतो, बोटापेक्षा ते जास्त भरवशाचं आहे म्हणतो. डॉक्टरकडे महिन्यातून एकदा जातो. डॉक्टर अजून 'परत येईल' म्हणतो, 'नाहीतर नाही' हेही म्हणतो. रोसविटा आता गाडी चालवते आणि तो शेजारी बसतो. कशी चालवते, असं मी विचारलं तर म्हणाला, "लग्नाला चौतीस वर्षं झालीत. हे मी बोलत नसतो."

पहिल्याच आठवड्यात ओनुर खाली आला. मी तिथे जुने आकडे शोधत होतो. तो दार लावून उभा राहिला.

"आबी, मी खोटं लिहिलं नव्हतं. मला ते खरंच जाणवलं होतं. मागून ती वेगळी येत होती. शपथेवर सांगतो."

"जाणवलं असणार," हार्टमुट म्हणाला.

"पण नव्हतंच ना तिथे काही."

"नव्हतं."

"मग मला काय जाणवलं?"

हार्टमुटने पेन्सिल खाली ठेवली. समोर त्याच्याच हस्ताक्षरातला वीस वर्षांपूर्वीचा कागद होता. सात, साडेसात, आठ, साडेसात. "हे बघतोय ना मी सकाळपासून," तो म्हणाला. "यातले किती गाडीचे आणि किती माझे, आता सांगता येत नाही. तेव्हा येत होतं असं वाटायचं."

"हे काही उत्तर नाही, आबी."

"नाही. उद्या चालवशील तेव्हा दोन्ही साध्या आहेत असं धरून चालव. तरी जाणवलं तर लिही."

ओनुर दार उघडून गेला. खिडकीतून एक राखाडी सेडान ट्रॅककडे वळताना दिसली. डिकीवर पट्टी नव्हती. साधी की आमची, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. हार्टमुटनेही बघितलं, आणि पेन्सिल उचलली.

दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा झाली, योग्य बार घालून. रापने बार बसवण्याआधी आणि बसवल्यावर मोजला आणि दोन्ही आकडे खडूने भिंतीवर लिहून ठेवले. ठिपके त्याने परत रंगवून घेतले आहेत. मार्कांचा तक्ता मला बनवायचा होता. तो दर वेळी जुन्यावरूनच निघतो, त्यामुळे त्यात अजून दोन रकाने होते, ओनुर आणि हार्टमुट. मी हार्टमुटचा रकाना काढून टाकला. एकच उरलेला रकाना आपोआप रुंद होऊन सगळ्या पानभर पसरला, आणि मी तो छापायला पाठवला.